आर-नंबर कुणाचा, हे पाहिल्याशिवाय ॲडव्हान्स पाठवू नका

भाऊ, तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे वाचणाऱ्यांनाही कळेल. आर्वी तालुक्यातलं तुमचं गाव. रोही (नीलगाई) आणि डुकरं पीक उभं राहू देत नाहीत म्हणून कुंपणाच्या तारेत झटका सोडणाऱ्या झटका मशीनला मागणी, रात्रीच्या ओलितासाठी टॉर्च आणि फ्लड लाइटला मागणी, आणि बॅटरीवरचा फवारणी पंप तर घरोघरी. तुमच्याकडे दीड लाखाचं भांडवल आहे. चीनमधला एक पुरवठादार व्हॉट्सॲपवर सापडला. तो म्हणतो, सीई आहे, आरओएचएस आहे, एफसीसी आहे, सगळे कागद तयार आहेत, तीस टक्के ॲडव्हान्स पाठवा. तुम्ही विचारता : बीआयएस म्हणून काहीतरी लागतं असं ऐकलं, ते मी माझ्या नावाने काढू शकतो का, आणि खर्च किती?

पहिल्या प्रश्नाचं उत्तर : नाही. आयातदाराच्या नावाने ती नोंदणी निघतच नाही. ती कारखान्याची असते. एवढं एक वाक्य लोकांना वेळेवर कळलं असतं, तर मी गेली वीसेक वर्षं नागपुरात बसून जी भांडणं निस्तरली त्यातली निम्मी झालीच नसती.

तो सांगतो त्या तीन नावांचं आधी उरकून टाकू. सीई हा युरोपच्या बाजारासाठीचा शिक्का, आणि बऱ्याच मालावर तो कारखानदार स्वतःच्याच जबाबदारीवर लावतो. एफसीसी अमेरिकेचं. आरओएचएस म्हणजे शिसं, पारा असल्या घातक पदार्थांच्या मर्यादेपुरतं. कागद खरे असोत की खोटे, न्हावा शेवाच्या किंवा नागपूरच्या मिहानमधल्या कंटेनर डेपोतल्या कस्टम अधिकाऱ्याला त्यांच्याशी घेणंदेणं नाही. त्याला भारतीय मानक ब्युरोचा, म्हणजे बीआयएसचा नंबर हवा असतो, आणि तोही मालावर छापलेला.

आता बीआयएसचे दोन रस्ते आहेत आणि लोक त्यांची गल्लत करतात.

एक जुना, आयएसआय मार्कचा. पाणी तापवायचा रॉड, इस्त्री, गिझर, घरातली वायर, बटण, प्लग-सॉकेट हा माल यात येतो. २००३ च्या आदेशापासून यातला बराचसा सक्तीचा आहे. छताचे पंखेही आता याच रस्त्याने जातात. इथे बीआयएसचा माणूस कारखान्यात जाऊन तपासणी करतो. कारखाना चीनमध्ये असेल तर परदेशी उत्पादकांच्या योजनेतून अर्ज, तपासणी अधिकाऱ्याच्या प्रवासाचा खर्च कारखान्याकडे, वर दहा हजार डॉलरची बँक गॅरंटी. कोणता चिनी कारखाना तुमच्या पाचशे रॉडसाठी हे करेल? म्हणून रॉड, इस्त्री, वायर यांचा विचार डोक्यातून काढून टाका. देशातच आयएसआयचा चांगला माल मिळतो.

दुसरा रस्ता सक्तीच्या नोंदणीचा, ज्याला आमच्या धंद्यात सीआरएस म्हणतात. इलेक्ट्रॉनिक्स आणि माहिती तंत्रज्ञानाच्या मालासाठी पहिला आदेश ऑक्टोबर २०१२ मध्ये निघाला, तेव्हा त्यात पंधरा वस्तू होत्या. पुढे पॉवर बँक, मोबाइल, एलईडी बल्ब, एलईडी ड्रायव्हर, फ्लड लाइट, हातात धरायचे एलईडी दिवे अशी यादी वाढत गेली आणि २०२१ मध्ये जुन्या आदेशाच्या जागी नवा आला. इथे कारखान्यात कोणी जात नाही. कारखाना आपला नमुना भारतातल्या बीआयएस-मान्य प्रयोगशाळेत पाठवतो, अहवाल आला की नव्वद दिवसांच्या आत अर्ज करतो, आणि मंजूर झालं की त्याला आर अक्षराने सुरू होणारा आठ अंकी नंबर मिळतो, तोच आर-नंबर. आधी दोन वर्षांसाठी, मग नूतनीकरण.

हा नंबर एका कारखान्याच्या एका पत्त्याला, एका ब्रँडला, एका प्रकारच्या वस्तूला असतो. त्याच मालकाचा दुसऱ्या गावात दुसरा कारखाना असेल तर त्याला वेगळा नंबर लागतो. ब्रँड बदलला तर तो ब्रँड नोंदणीत चढवावा लागतो. मॉडेलही नोंदलेलंच हवं. शेताच्या सातबाऱ्यासारखं समजा. गट नंबर बदलला की कागद त्या शेताचा उरत नाही, मालक तोच असला तरी.

माझीच एक चूक सांगतो. २०१९ ची गोष्ट. अमरावती जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावचा हार्डवेअर दुकानदार, माझा जुना गिऱ्हाईक. खरीप तोंडावर आला होता, त्याने घरच्या लाइनवर चालणारे एलईडी फ्लड लाइट मागवायचं ठरवलं. पुरवठादाराने बीआयएसच्या मंजुरीपत्राची पीडीएफ पाठवली. मी नंबर ॲपवर टाकून पाहिला, नोंदणी चालू होती, ब्रँड जुळत होता. मी म्हटलं, मागवा. पत्ता मी वाचलाच नाही. मंजुरीपत्रावरचा कारखाना एका शहरातला आणि खोक्यावर छापलेला दुसऱ्याच शहरातला. पुरवठादाराकडे त्या हंगामात ऑर्डर जास्त झाल्या होत्या, त्याने आमचा माल शेजारच्या कारखान्यातून भरून घेतला होता. बंदरात तपासणीला खोका फोडला आणि अधिकाऱ्याने दोन पत्ते शेजारी शेजारी ठेवले. संपलं.

पुढे काय झालं ते सांगायला पाहिजे, कारण हे कोणी सांगत नाही. त्याच वर्षी मे महिन्यात विदेश व्यापार महासंचालनालयाची अधिसूचना आली होती. नोंदणी नसलेला असा माल आयातदाराने परत पाठवायचा, नाहीतर कस्टमने तो वापरता येणार नाही असा मोडून भंगारात काढायचा. आम्ही परत पाठवायला तयार होतो, पण पुरवठादार माल परत घ्यायला तयार नाही. पत्रव्यवहारात आठवडे गेले. तेवढ्यात बंदराचं जागाभाडं, जहाज कंपनीचं डिटेन्शन, म्हणजे कंटेनर अडकून राहिल्याचं भाडं, दोन्ही रोज चढत होतं. शेवटी जागाभाडं मालाच्या किमतीच्या जवळ गेलं आणि दुकानदाराने हात वर केले. फोनवर तो मला एवढंच म्हणाला, "भाऊ, कागद तं होता ना आपल्याजवळ?" होता. पण दुसऱ्या घरचा होता. त्या कामाचे पैसे मी घेतले नाहीत, पण तेवढ्याने त्याचं नुकसान भरून निघालं नाही.

म्हणून आता मी गिऱ्हाइकाला काय करायला लावतो ते बघा. मोबाइलवर बीआयएस केअर नावाचं ॲप आहे, फुकट आहे. त्यात आर-नंबर तपासायची सोय वेगळी आणि आयएसआयच्या परवान्याची वेगळी. नंबर टाकला की कारखान्याचं नाव, पत्ता, ब्रँड आणि नोंदणी चालू आहे की संपली ते दिसतं. पीडीएफवर विश्वास ठेवू नका. पीडीएफमध्ये तारीख बदलायला आजकाल पोरंटोरंही दोन मिनिटं लावतात. पुरवठादाराकडून मालावरच्या लेबलचा फोटो मागवा, छापलेल्या खोक्याचा फोटो मागवा, आणि त्यावरचा कारखान्याचा पत्ता ॲपमधल्या पत्त्याशी अक्षर न् अक्षर जुळवा. मग मंजुरीपत्राबरोबरची मॉडेलची यादी मागवा आणि तुमचं मॉडेल त्यात आहे का बघा. प्रोफॉर्मा इनव्हॉइसवर, म्हणजे माल पाठवण्याआधीच्या कच्च्या बिलावर, "उत्पादक" म्हणून त्याच कारखान्याचं नाव यायला हवं. पुरवठादार बहुतेकदा व्यापारी असतो, कारखानदार नसतो. तो व्यापारी असल्याने काही बिघडत नाही, पण त्याने माल कुठून भरला हे लेखी यायला पाहिजे. हे सगळं ॲडव्हान्स पाठवण्याआधी. नंतर तो फोन उचलतो, पण हसत उचलतो.

आणि आणखी एक. खोक्यात एकच वस्तू नसते. तुमच्या टॉर्चच्या डब्यात टॉर्च आहे, चार्जर आहे, आत लिथियमची बॅटरी आहे. टॉर्च स्वतः एलईडी हँड लॅम्प म्हणून यादीत, चार्जर ॲडाप्टर म्हणून यादीत, आणि लिथियम सेल-बॅटरीला आयएस १६०४६ खाली वेगळी नोंदणी. तीन वस्तू, तीन नंबर. चिनी पुरवठादार टॉर्चचा नंबर दाखवतो आणि चार्जरबद्दल विचारलं की "फ्री गिफ्ट" म्हणतो. कस्टमच्या लेखी फ्री गिफ्ट असं काही नसतं. सोलर फ्लड लाइटमध्ये पॅनेल आलं की त्याचा आदेश आणखी वेगळा, नवीन व नवीकरणीय ऊर्जा मंत्रालयाचा, मानक आयएस १४२८६. एवढ्या भानगडीत पडण्यापेक्षा पॅनेल इथूनच घ्यावं.

तुम्ही मनात म्हणत असाल, एवढ्याशा चार्जरसाठी एवढा बाऊ कशाला. चार्जर फोडून बघा. एका बाजूला घरची २३० व्होल्टची लाइन, दुसऱ्या बाजूला तुम्ही हातात धरता ती पाच व्होल्टची वायर, आणि मधे सर्किट बोर्डवर काही मिलिमीटरची मोकळी जागा आणि एक ट्रान्सफॉर्मर. प्रयोगशाळेत हे अंतर मोजतात, दोन बाजूंच्या मधे हजारो व्होल्ट लावून ते फुटतं का बघतात, आतला प्रत्येक महत्त्वाचा सुटा भाग कोणत्या कंपनीचा आहे ते अहवालात लिहितात. कारखान्याने नंतर स्वस्त कपॅसिटर घातला तर तो माल नोंदणीतला राहत नाही. मुंबईच्या फ्लॅटमध्ये असला चार्जर कदाचित वर्षानुवर्षं निभावेल. आपल्याकडे डीपीवरचा न्यूट्रल तुटला की २३० च्या जागी चारशेच्या आसपास येतं, पावसाळ्यात भिंत ओली, अर्थिंग म्हणून पुरलेला लोखंडी गज केव्हाचा गंजलेला. अशा रात्री ते काही मिलिमीटर कामाला येतात. चार्जिंगला लावलेला मोबाइल कानाला लावून बोलणारा म्हातारा गावात आहेच, त्याचा विचार करा.

झटका मशीनबद्दल थोडं जास्त लिहितो, कारण तुमचा खरा धंदा तोच दिसतो. चांगली मशीन तारेत सतत करंट सोडत नाही, झटका सोडते. आंतरराष्ट्रीय मानकात दोन झटक्यांमध्ये निदान एक सेकंदाचं अंतर, झटक्याची लांबी सेकंदाच्या शंभराव्या भागापेक्षा कमी, आणि ५०० ओहमच्या भारावर एका झटक्यात ५ ज्यूलपेक्षा जास्त ऊर्जा नाही अशी मर्यादा आहे. त्या एका सेकंदात माणूस हात काढून घेतो, डुक्कर मागे फिरतं. पुरवठादार "दहा ज्यूल, वीस ज्यूल, हाय पॉवर" असं अभिमानाने लिहीत असेल तर ती मशीन घेऊ नका. आणि घरची लाइन थेट तारेवर सोडायची सवय कुठे असेल तर गिऱ्हाइकाला तोंडावर नाही म्हणा. त्यात माणसं मेली आहेत, आणि तो फौजदारी गुन्हा आहे.

कागदाच्या दृष्टीने मशीनचे भाग सुटे करा. ॲडाप्टर असेल तर त्याला आर-नंबर, लिथियम बॅटरी असेल तर तिला आर-नंबर, पॅनेल वेगळं. मशीनच्या डब्यासाठी मात्र घरगुती, व्यावसायिक आणि तत्सम विद्युत उपकरणांच्या सुरक्षेचा जो व्यापक गुणवत्ता नियंत्रण आदेश आला आहे तो वाचा, आपलं मॉडेल त्याच्या व्याख्येत बसतं का ते नागपूरच्या बीआयएस शाखेला ईमेलने विचारा आणि लेखी उत्तर जपून ठेवा. अशा आदेशांच्या अंमलाच्या तारखा पुढे सरकत असतात, म्हणून गेल्या वर्षी कोणीतरी आणलं म्हणून यंदा चालेल असं धरू नका. मशीनमध्ये मोबाइलचं सिम असेल, म्हणजे तार तुटली की फोनवर मेसेज येतो असली, तर दूरसंचार खात्याच्या टीईसीचं प्रमाणीकरण लागतं का हे पाहावं लागतं. ब्लूटूथ किंवा रिमोट असेल तर डब्ल्यूपीसीची, म्हणजे दूरसंचार खात्याच्याच बिनतारी शाखेची, उपकरण मंजुरी, तिला ईटीए म्हणतात, ती सरल संचार पोर्टलवर निघते. विहिरीवरच्या मोटारीच्या मोबाइल स्टार्टरलाही हेच लागू. माझं मत विचाराल तर सिमवाली मशीन आणूच नका. साधी मशीन घ्या, तीही इथल्याच बनावटीची. बिघडली तर दुरुस्तीला शेतकरी तुमच्या दारात येणार आहे, शेन्झेनला जाणार नाही.

फवारणी पंपाचं तुलनेने सोपं आहे. त्यातली बॅटरी बहुधा बारा व्होल्टची शिसे-आम्लाची असते. सीआरएसची ती बॅटरीची नोंद आम्ल नसलेल्या बॅटऱ्यांसाठी आहे, त्यामुळे तो आर-नंबर तिला लागत नाही. पण सोबतचा चार्जर बघाच. आणि बॅटरी आयात करणाराही २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांत उत्पादकच धरला जातो, त्याची नोंदणी केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या पोर्टलवर. टॉर्च, लाइट, चार्जर आणायचे तर ई-कचरा नियमही पाहावे लागतात, तेही २०२२ चे, १ एप्रिल २०२३ पासून लागू. हे दोन्ही लहान आयातदार साफ विसरतात.

बाकीचं झटपट. आयात-निर्यात कोड विदेश व्यापार महासंचालनालयाच्या (डीजीएफटी) संकेतस्थळावर पाचशे रुपयांत निघतो, दरवर्षी एप्रिल ते जून या काळात त्यातली माहिती ताजी करावी लागते. जीएसटी नंबर असेलच. खोक्यावर आयातदाराचं नाव-पत्ता, मूळ देश, कमाल किरकोळ किंमत, महिना-वर्ष, तक्रारीचा फोन हे वैधमापनाच्या २०११ च्या नियमांनुसार हवं आणि आयातदार म्हणून तिथेही नोंदणी लागते. एलईडी बल्ब आणि छताचे पंखे आणायचे असतील तर वरून ऊर्जा दक्षता ब्युरोचं ताऱ्यांचं (स्टार) लेबल. ग्रामपंचायतीसाठी सीसीटीव्हीचा विचार असेल तर त्याला ९ एप्रिल २०२५ पासून सायबर सुरक्षेच्या जादा अटी लागल्या आहेत, त्या नादी लागू नका.

तुमच्या पुरवठादाराने आणखी दोन गोष्टी सुचवल्या असतील किंवा सुचवेल. पहिली, "डोअर टू डोअर" पाठवतो, सगळं आमच्याकडे लागलं. म्हणजे माल दुसऱ्याच कोणाच्या नावाने, दुसऱ्याच मालात मिसळून येणार. तुमच्या नावाची बिल ऑफ एंट्री, म्हणजे कस्टमकडे भरायचा आयातीचा कागद, नाही, म्हणजे आयातीवर भरलेला जीएसटी वळता होत नाही, आणि उद्या दुकानात तपासणी आली तर माल कुठून आला याचं उत्तर नाही. बीआयएसचा २०१६ चा कायदा फक्त आयातदाराला धरत नाही, साठवणारा, विकणारा, दुकानात मांडणाराही त्यात येतो. शिक्षा दोन वर्षांपर्यंत कैद, किंवा पहिल्या वेळी कमीत कमी दोन लाख आणि नंतर पाच लाख दंड, तो मालाच्या किमतीच्या दहापटीपर्यंत जाऊ शकतो. तुमचं भांडवल दीड लाख आहे.

दुसरी सूचना गोड असते. "आम्ही तुमच्यासाठी नोंदणी काढतो, तुम्ही फक्त आमचे भारतातले अधिकृत प्रतिनिधी म्हणून सही करा." परदेशी कारखान्याला असा प्रतिनिधी लागतो हे खरं आहे. पण ती सही म्हणजे त्या कारखान्याच्या मालाची इथली जबाबदारी तुमची. त्या नंबरावर तो उद्या दिल्लीला, चेन्नईला काय विकेल याचा तुम्हाला पत्ता लागणार नाही आणि नोटीस मात्र आर्वीला येईल. एका पोराने अशी सही केली होती. बाप मला म्हणाला, "सहीच तं केली, पैसे थोडीच घेतले." त्याला समजवायला मला अख्खी दुपार लागली.

आता खर्च. स्वतःचा ब्रँड छापून घ्यायचा असेल तर कारखान्याला तो नोंदणीत चढवायला लावावा लागेल आणि नोंदणी नसलेलं मॉडेल असेल तर प्रयोगशाळेची चाचणी, शुल्क, सल्लागार, नमुने पाठवणं, काही महिने. यातलं बरंचसं तो किमान मागणीच्या संख्येत वसूल करतो, आणि ती संख्या तुमच्या दीड लाखात बसणार नाही. म्हणून दीड लाखात आयात करू नका. नागपूरच्या किंवा मुंबईच्या ठोक व्यापाऱ्याकडून आर-नंबर छापलेला माल पक्क्या बिलावर घ्या, प्रत्येक प्रकारातला एक डबा आधी स्वतः उघडून चार्जर आणि बॅटरीचे नंबर ॲपवर तपासा. यंदाचा रब्बी आणि पुढचा खरीप असे दोन हंगाम त्यावर काढा. कोणती वस्तू परत येते, कोणती सहा महिन्यांनी बिघडते, कोणता शेतकरी दुसऱ्यांदा येतो, हे वहीत लिहा. त्यानंतरही थेट आणायचंच वाटलं तर एकच वस्तू निवडा, तिच्या लेबलचा आणि खोक्याचा फोटो मला पाठवा. पत्ता मी या वेळी आधी वाचीन.